जन्मजात हृदयदोष : शस्त्रक्रिया आणि सार्वजनिक व्यवस्था

भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके जन्मजात हृदयदोषासह जन्माला येतात, असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया वा तत्सम उपचारांची गरज असते. देशातील अर्भक मृत्युदर २००० मध्ये हजार जिवंत जन्मांमागे ६८ होता. २०२० मध्ये तो २८ पर्यंत खाली आला. संसर्गजन्य आजारांमुळे होणारे मृत्यू जसजसे घटतात, तसतसा उरलेल्या मृत्यूंमध्ये जन्मजात दोषांचा वाटा वाढत जातो.

वेळेचे महत्त्व

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला असलेले लहान छिद्र अनेकदा आपोआप बुजते. छिद्र मोठे असल्यास मात्र फुफ्फुसांकडे जादा रक्त जाते. शस्त्रक्रियेस फार विलंब झाल्यास फुफ्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढतो व छिद्र बंद करणे अशक्य ठरते. महाधमनी व फुफ्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असल्यास त्या पूर्ववत जोडण्याची शस्त्रक्रिया सामान्यतः पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. अन्यथा डावा कप्पा दुर्बल होतो.

शासकीय उपक्रम

फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. जन्मजात हृदयदोषाचा त्यात समावेश आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबांना वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण देते.

केरळने २०१७ मध्ये 'हृद्यम' उपक्रम सुरू केला. त्यात बालकाची संगणकीय नोंद होते, तज्ज्ञ तातडीनुसार वर्गवारी करतात आणि शासकीय वा खाजगी रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया होते.

आर्थिक बाजू

विम्यामुळे उपचारांचा खर्च भागतो. परंतु निदानास झालेला विलंब अथवा शल्यकेंद्राचे अंतर त्यामुळे कमी होत नाही. बालहृदय शस्त्रक्रियेची केंद्रे मोठ्या शहरांत व विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत एकवटली आहेत. दूरच्या जिल्ह्यातील मजुराला प्रवास, निवास व बुडालेली मजुरी हा भार स्वतःच सोसावा लागतो. म्हणून प्रसूतिगृहातच नवजात बालकाच्या रक्तातील प्राणवायूची तपासणी, सुरक्षित वाहतूक आणि उत्तरेकडील व पूर्वेकडील राज्यांत प्रशिक्षित मनुष्यबळासह नवी केंद्रे यांवरील खर्च ही गुंतवणूकच होय. वेळेवर झालेल्या एका शस्त्रक्रियेने बालकाला दीर्घ आयुष्य लाभू शकते आणि कुटुंब कर्जबाजारी होण्यापासून वाचू शकते.