‘तो तुझा कोण लागत होता?’

प्रश्न : इरफान खान गेला त्याला वर्षं झाली. तरी ‘द लंचबॉक्स’मध्ये तो डबा उघडून वास घेतो, तिथे मला रडू येतं. घरचे विचारतात, ‘तो तुझा कोण लागत होता?’ माझं काही चुकतंय का?
– एक वाचक

उत्तर : ताई, काहीच चुकत नाही. पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी नात्याचा अभ्यास हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६मध्येच मांडला होता. ओळख एकतर्फी असली, तरी माया खरीच असते. म्हणून दुःखही खरं. त्यात २९ एप्रिल २०२०ला तो गेला तेव्हा टाळेबंदी होती. चाहत्यांना ना अंत्यदर्शन मिळालं, ना चार जणांत बसून रडता आलं. असं अडलेलं दुःख रेंगाळतं.

आता तो सिनेमा एकटीने पाहू नका. मैत्रिणीला बोलवा, तो प्रसंग आला की थांबवा आणि त्या वेळी तुमच्या आयुष्यात काय चाललं होतं, ते तिला सांगा. अनेकदा त्या अश्रूंत आपलं स्वतःचंही काही हरवलेलं असतं. मात्र झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडलं, तर समुपदेशकाला भेटा किंवा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोकळेपणाने बोला.