मागे बसलेली आई तिऱ्हाईत असते का?

प्रश्न : मी सेलूत कापड दुकानात कामाला आहे. 2020 च्या दसऱ्याला 125 सीसीची मोटारसायकल घेतली. 'आता पाच वर्षं विम्याकडं बघायचं काम नाही' असं तेव्हा सांगितलं होतं. ती पाच वर्षं संपली. एजंट म्हणतो, थर्ड पार्टी 843 रुपयांत होईल, फुल केला तर जास्त लागतील. गाडी मी आणि धाकटा भाऊ चालवतो. आईला पंधरा दिवसांतून एकदा वालूरला मामाकडं नेतो. पोलिसांना दाखवण्यापुरता कागद असला तर चालेल ना?
(एक वाचक, सेलू)

उत्तर : एजंटानं सांगितलेला आकडा बरोबर आहे. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता जून 2022 पासून वर्षाला 714 रुपये ठरवून दिलेला आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी. कोणत्याही कंपनीकडं गेलात तरी तेवढाच, तिथं घासाघीस चालत नाही. पोलिसांपुरतंच विचाराल तर हा कागद पुरतो. विम्याशिवाय गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4000. तो धोका 843 रुपयांत टळतो.

पण आई मागे बसते हे तुम्ही लिहिलंत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी जुनी पॉलिसी शोधा. आपल्याकडं ती बहुधा साइड पॅनेलच्या आत, पाने-स्क्रूड्रायव्हरच्या पिशवीत, ऑइलचे डाग पडलेल्या अवस्थेत सापडते. तिच्यावर मुदतीच्या तारखा दोनदा छापलेल्या दिसतील. 'थर्ड पार्टी' पुढं पाच वर्षांची मुदत असेल आणि 'ओन डॅमेज' पुढं बहुतेक फक्त एका वर्षाची. 1 सप्टेंबर 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. पाच वर्षांची सक्ती तेवढीच. गाडीचं स्वतःचं नुकसान भरून देणारा भाग साधारण वर्षभराचाच असतो आणि तो दरवर्षी वेगळा वाढवावा लागतो. म्हणजे तुमचा फुल विमा बहुधा 2021 च्या दसऱ्यालाच संपला. पुढची चार वर्षं गाडी चोरीला गेली असती तर एक रुपया मिळाला नसता. हे गाडी घेतानाच कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

आता आईचं. थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. तुमच्या गाडीचा धक्का लागलेला पादचारी तिऱ्हाईत, समोरचा सायकलवाला तिऱ्हाईत. मागे बसलेली आई? 2006 साली तिलक सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, स्कूटरवर भाडं न देता मागे बसलेली व्यक्ती निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत येत नाही. याचा अर्थ असा की, वालूरच्या रस्त्यावर खड्डा चुकवताना तुमच्या हातून गाडी घसरली आणि आईचं खुब्याचं हाड मोडलं, तर 843 रुपयांच्या त्या कागदातून तिला काही मिळणार नाही. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण आपल्याकडं कितीतरी अपघातांत दुसरं वाहन नसतंच. असतो तो खड्डा, कुत्रं, नाहीतर शेतातून रस्त्यावर आलेला काळ्या मातीचा चिखल.

फुल, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मागे बसणारा येतो. विमा नियामकानं 2009 मध्ये कंपन्यांना तसं लेखी स्पष्ट केलेलं आहे. पाच वर्षांच्या गाडीची किंमत आता कमी धरली जाते, त्यामुळे ओन डॅमेजचा वाढीव हप्ता काही शेकड्यांतच बसेल. माझं मत विचाराल तर ते पैसे गाडीच्या पत्र्यासाठी देऊ नका, मागच्या सीटसाठी द्या. मुदत संपून 90 दिवसांवर गेल्यानं नो क्लेम बोनस गेलेला आहे आणि कंपनी आधी गाडी तपासून फोटो घेईल. त्याला कंटाळू नका.

राहिले चालवणारे दोघं. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळ्या ओळीत असतो. तो घ्याच. मात्र तो फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाचा, तोही लायसन्स चालू असेल तरच. भाऊ त्यात नाही. शिवाय भाऊ तुमची गाडी मागून नेतो तेव्हा कायदा त्याला तुमच्याच जागी उभा करतो. कर्नाटकातल्या निंगम्मा यांच्या प्रकरणात हेच झालं. दुसऱ्याची मोटारसायकल मागून नेलेला माणूस पुढं चाललेल्या बैलगाडीवर आदळून गेला. त्याच्या घरच्यांनी त्याच गाडीच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. गाडी मागून आणणारा मालकाच्याच जागी असतो आणि मालक स्वतःच्या विम्यात तिऱ्हाईत होऊ शकत नाही, असं 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. सेलूत एक गाडी चार घरांत फिरते. उसन्या गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असायला हवा असं मला कळकळीनं वाटतं.

भावासाठी आणि आईसाठी आजच्या आज होणारी गोष्ट म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय 18 ते 70, बँकेत खातं, वर्षाला 20 रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख. वर्ष 1 जून ते 31 मे असं धरतात आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मेच्या शेवटी खात्यात पैसे नसल्यानं संरक्षण तुटल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तेवढं सांभाळा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी जुनी मोटारसायकल मानवतच्या एका गृहस्थाला 14 हजाराला विकली. शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं, दोन साक्षीदार आहेत. टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या, पण त्यांनी गाडी नावावर केली नाही आणि पुढं आणखी कुणाला तरी विकली. आता परभणीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या नावानं आलीय. गाडीला विमा नव्हता. माझा काय संबंध?
(एक शेतकरी, सेलू तालुका)

उत्तर : काका, संबंध आहे, आणि मोठा आहे. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण नोटीस बाजूला ठेवून देऊ नका.

तुम्ही पैसे घेतले, गाडी दिली, व्यवहार पुरा झाला असं तुमच्या मनात आहे. माल विकण्याच्या कायद्यानं ते खरंही आहे. अपघाताच्या भरपाईत मात्र मालक कोण, हे आरसी सांगते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अनेक हातांत गेली होती आणि आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं होतं. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातात जखमी झालेल्या माणसानं बाँड शोधत या गावाहून त्या गावाला हिंडायचं नाही, यासाठी हा नियम आहे. त्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर तो पटतो. तुमच्या बाजूनं पाहिलं तर जीव तुटतो. विमा असता तर कंपनीनं भरलं असतं. तो नाही, म्हणून बोजा थेट तुमच्यावर येतो.

तारखेला हजर राहा. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी लागेल आणि नंतर वसुली जमिनीपर्यंत येऊ शकते. वकिलामार्फत लेखी म्हणणं द्या. बाँडची मूळ प्रत, साक्षीदार, टीटी फॉर्मची झेरॉक्स, पैसे फोन पे वर आले असतील तर बँकेचं स्टेटमेंट, सगळं जोडा आणि विकत घेणाऱ्याला व प्रत्यक्ष चालवणाऱ्याला दाव्यात सामील करून घेण्याचा अर्ज करा. चालवणाऱ्याची जबाबदारी तर आहेच. तुम्हाला भरावंच लागलं तर त्या बाँडच्या आधारावर खरेदीदाराकडून वसूल करण्याचा वेगळा मार्ग उरतो. अपघातात तुमच्या गाडीची चूक किती आणि समोरच्याची किती, हाही मुद्दा सोडू नका, भरपाई त्यावर कमी-जास्त होते. वकिलाची फी परवडत नसेल तर सेलूच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्या.

जे आज गाडी विकताहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. कायद्यानं विकणाऱ्यानं त्याच राज्यातल्या विक्रीची खबर 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. खबर देण्याचा नमुना 29 हा विकणाऱ्याचा आहे. सह्या करून सगळे कागद खरेदीदाराच्या हातात सोपवले की आपलं काम झालं असं समजू नका. 29 ची पोच स्वतःकडं ठेवा. कर्जाची गाडी असेल तर आधी फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र आणि नमुना 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. एमएच 22 च्या गाडीवर नवं नाव चढलेलं ऑनलाइन दिसेपर्यंत शेवटचे दोन-तीन हजार हातात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते मला शहाणे वाटतात.

प्रश्न : सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ओढा ओलांडताना गाडी बंद पडली. पाणी सीटच्या थोडं खाली होतं. बाहेर काढून वीस-पंचवीस किका मारल्या, मग किकच जाम झाली. फुल विमा आहे. कंपनी म्हणते इंजिनाचं काम बसत नाही. पूर तर विम्यात येतो ना?

उत्तर : पूर येतो. पण पॉलिसीत 'परिणामी नुकसान' आणि 'यांत्रिक बिघाड' वगळलेले असतात. कंपनी त्याचाच आधार घेते आहे. पाण्यानं वायरिंग, सीट, बेअरिंग खराब झालं तर ते पुराचं नुकसान. पाणी भरलेलं इंजिन तुम्ही फिरवलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे तुम्ही केलं.

कारण असं : सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की पाण्यावर ठेचतो आणि मधला रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारायचाच नाही. न्यूट्रल करून ढकलत बाहेर काढा. त्याच जागी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, कंपनीला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. मिस्त्रीकडं गेल्यावर आधी स्पार्क प्लग काढायचा, मग किक. प्लगच्या भोकातून पाण्याची चूळ बाहेर पडते. खालचा नट सोडल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी आत गेलंय, ऑइल दोनदा बदला. मात्र कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत इंजिन खोलू देऊ नका, पुरावा तिथंच असतो.

तुमच्या बाबतीत सगळंच गेलं असं नाही. नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली तेही लिहून मागा. रॉड सोडून बाकीच्या नुकसानीचा भाग वेगळा काढून मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून 30 दिवस वाट पाहा. समाधान झालं नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जाता येतं, फी नाही आणि वकील लागत नाही. किंवा परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथंही फी नाही. आणि हिशेब करताना लक्षात घ्या, विम्यात रबर, प्लास्टिक, टायरचे निम्मेच पैसे मिळतात. झिजलेला चेन सेट, गुळगुळीत टायर यांचे अजिबात नाहीत.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. क्लासला स्कूटी देऊ का? गावातल्या गावातच जातो.

उत्तर : नको, ताई. सोळा पूर्ण झालेल्यांना लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमची स्कूटी 110 किंवा 125 सीसीची असणार. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पुढं पोलीस भरतीची किंवा ड्रायव्हरच्या नोकरीची त्याची इच्छा असेल तर याचा विचार करा. अपघात झाला तर विमा कंपनी जखमीला आधी पैसे देईल आणि मग तेच पैसे तुमच्याकडून वसूल करेल. 2004 च्या स्वरण सिंग निकालापासून हा मार्ग रुळलेला आहे. ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची बॅटरीवरची गाडी मिळते, तिला लायसन्स लागत नाही. ती घेताना बिलावर वेग आणि वॅट लिहून घ्या, आणि हेल्मेट त्याच दिवशी घ्या.