खटला सरकारचा, मग घरच्यांचे स्थान कुठे?

प्रश्न : आमच्या ओळखीतल्या एका घरातल्या कर्त्या माणसाचा काही वर्षांपूर्वी खून झाला. तपास रेंगाळला, आता पुन्हा हालचाल सुरू झाली आहे म्हणतात. त्याची पत्नी चौकशीला गेली की ‘केस सरकार चालवतंय, तुम्ही निर्धास्त राहा’ असे सांगून तिला परत पाठवतात. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरोधात २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले होते. तेव्हाही मनात आले, की एवढी गर्दी घरी गेल्यावर त्या मुलींच्या आईवडिलांसोबत कोण राहत असेल? जुन्या गुन्ह्याची मुदत संपते का? घरच्यांना कायद्यात काही स्थान आहे का? आणि शेजारी म्हणून आम्ही काय करावे?
— एक वाचक, खरवई

उत्तर : प्रश्न तीन-चार आहेत, पण त्यांचा गुंता एकाच वाक्यातून झाला आहे. ‘केस सरकार चालवतंय’ हे खरे आहे. ‘म्हणून तुमचे काम संपले’ हा त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

गुन्हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो साऱ्या समाजाविरुद्ध मानतात, म्हणून न्यायालयाच्या यादीत ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे नाव लागते आणि बाजू सरकारी वकील मांडतात. या रचनेत मृताचे नातेवाईक अनेक दशके निव्वळ साक्षीदार होते. समन्स आले की यायचे, साक्ष दिली की घरी जायचे. २००९ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या आली आणि तीत पालक व कायदेशीर वारसही धरले गेले. म्हणजे तुमच्या ओळखीची ती बाई कायद्याच्या दृष्टीने स्वतः पीडित आहे. चौकशीला जाते तेव्हा ती कुणाकडे मेहरबानी मागत नसते.

आता मुदतीचे. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही, त्यामुळे खुनाची केस कितीही वर्षांनी उभी राहू शकते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. मधल्या काळात दाभोलकर आणि असाच खून झालेले कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या कुटुंबांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने तपासावर कित्येक वर्षे लक्ष ठेवले. दर महिन्याच्या २० तारखेला पुण्यातल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांच्या संघटनेचे कार्यकर्ते जमत राहिले. प्रत्येक घरामागे अशी संघटना नसते. पण त्या कुटुंबांनी न्यायालयात जो हक्क बजावला तो नावाजलेल्या माणसांपुरता राखलेला नाही.

याहून जुने उदाहरण १९९२-९३ च्या मुंबई दंगलींचे. त्यात १६८ माणसे बेपत्ता झाल्याची नोंद होती आणि त्यांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांपर्यंत भरपाई पोचलीच नव्हती, कारण सरकारला ती कुटुंबे सापडली नव्हती. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ही कुटुंबे पुन्हा शोधायला आणि दोन लाखांची रक्कम ९ टक्के व्याजासह द्यायला सांगितले. घर बदलते, वस्ती तुटते, पत्रे परत येतात आणि ‘वारस सापडले नाहीत’ असा शेरा पडतो. म्हणून घर बदलले की नवा पत्ता पोलीस ठाण्यात लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. एवढ्याशा कागदाने पुढची पायपीट वाचते.

तपास चालू असताना काय मागता येते? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे. जुन्या गुन्ह्याचा चालू तपास जुन्या संहितेप्रमाणेच पुढे जातो, त्यामुळे हे कलम तिथे जसेच्या तसे लागू होईल असे धरून चालू नये. तरी लेखी अर्ज करून प्रगती विचारायला कुणाची आडकाठी नाही. तोंडी विचारले की तोंडी उत्तर मिळते आणि ते कुठेच राहत नाही.

आपल्याकडे एक शब्द घरच्यांच्या कानावर उशिरा पडतो : ‘समरी’. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, अशा वेळी पोलीस ‘ए समरी’ मागतात. ही तपास बंद करण्याची विनंती असते आणि ती मंजूर करायची की नाही हे दंडाधिकारी ठरवतात. त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली भगवंत सिंग प्रकरणात सांगितले आहे. मात्र फिर्यादी तिसराच कुणी असेल, समजा प्रेत पाहिलेला रखवालदार, तर नोटीस त्याला जाते. मृताच्या नातेवाइकाला नोटिशीचा हक्क नाही, पण न्यायालयात उभे राहून म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. हजर राहायला तारीख कळावी लागते. म्हणून फिर्याद कुणाच्या नावावर आहे, हे त्या बाईंनी सर्वांत आधी पाहावे.

‘वकील परवडत नाही’ ही पुढची अडचण. सरकारी वकिलाला साहाय्य करायला पीडिताला न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील देता येतो. आरोपीच्या जामिनाच्या वेळीही पीडिताला ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात म्हटले. आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे अर्जदार स्त्री असेल तर तिचे उत्पन्न विचारले जात नाही, वकील मोफत मिळतो. आपल्या भागासाठी ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; विधी सेवेची राष्ट्रीय मदतवाहिनी १५१००. भरपाईचा अर्जही जिल्हा प्राधिकरणाकडेच करायचा. आरोपीला शिक्षा झाल्याशिवाय भरपाई नाही, ही समजूत पुसून टाका. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी अर्ज करता येतो.

आता तुमच्या गावच्या प्रकरणाकडे येऊ. त्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा या दिरंगाईवर बोट ठेवले. खरे तर लहान मुलांसाठीचा पोक्सो कायदा इतर कायद्यांपेक्षा पुष्कळ पुढे गेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे. समिती त्या कुटुंबाला एक सहाय्यक व्यक्ती देते. ही व्यक्ती वकील असावी लागत नाही. तपास कुठवर आला ते सांगणे, तारखेला सोबत जाणे, समुपदेशन आणि भरपाईपर्यंत वाट दाखवणे हे तिचे काम. गर्दी घरी गेल्यावर कोण राहते, या तुमच्या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर ही व्यक्ती आहे.

मला सलते ते पुढचे. खून झालेल्या माणसाच्या घरी अशी व्यक्ती पाठवण्याची तरतूद आपल्याकडे नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडित व साक्षीदारांना सुनावणीची सूचना, प्रवासखर्च आणि तपासाच्या काळातला निर्वाहखर्च आहे. बाकीच्यांना तेवढेही नाही. ब्रिटनमध्ये खुनाच्या तपासात कुटुंबाशी संपर्क ठेवायला वेगळा प्रशिक्षित पोलीस अधिकारी नेमतात. तिथल्या हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसे दगावली. त्यावरच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये आपला अहवाल आधी मृतांच्या कुटुंबांपुढे ठेवला, मग जगापुढे. आपल्याकडे मुलाच्या केसचा निकाल आईला टीव्हीच्या पट्टीवरून कळतो. हे बदलायला पैसा फारसा लागणार नाही, कुणावर तरी जबाबदारी टाकावी लागेल.

‘आरोपी मेला, केस मिटली’ असेही बदलापुरात बोलले गेले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून आरोपी मरण पावला. मृताविरुद्धचा खटला थांबतो, हे बरोबर. पण गुन्हा कळूनही न कळवल्याचा आरोप शाळेच्या चालकांवर होता, तो वेगळा गुन्हा आहे आणि आरोपीच्या मरणाने तो पुसला जात नाही. शिवाय त्याच्या मरणाची चौकशी सुरू झाली. ऐकायला जड जाईल, पण त्या चौकशीत त्याचे आईवडील हेही माणूस गमावलेले कुटुंब होते. दफनाला जागा मिळेना म्हणून त्यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, अखेर उल्हासनगरात दफन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी ‘आता लढायचे नाही’ असे न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने तरीही प्रकरण सोडले नाही आणि एप्रिलमध्ये विशेष पथकामार्फत गुन्हा नोंदवायला सांगितले. मला हे योग्य वाटते. कोठडीतल्या मरणाचा हिशेब देणे सरकारचे काम आहे, थकलेल्या आईवडिलांच्या बळावर ते अवलंबून ठेवता येणार नाही. आणि त्या मुलींच्या घरच्यांचेही यात नुकसानच झाले, कारण खरे काय ते भर न्यायालयात सिद्ध होण्याची संधी गेली.

राहिले शेजारी. मुलीचे नाव, शाळा, इमारत यांतले काहीही व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे हा गुन्हा आहे, सहानुभूतीने टाकले तरीही. ‘नक्की काय झालं?’ हे विचारू नका. जबाबात ते एकदा सांगून झालेले असते, साक्षीत पुन्हा सांगायचे असते. मदत करायची तर ती ठरलेल्या वेळेची असावी. तुमच्या ओळखीच्या बाईंसाठी एक फाइल लावा : एफआयआरची प्रत, गुन्हा क्रमांक, तपास अधिकाऱ्याचे नाव, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. अधिकारी बदलून गेला की नव्याला सुरुवातीपासून सांगण्याऐवजी तीच पुढे करता येते. तारखेच्या दिवशी कुणी कल्याणच्या न्यायालयात सोबत जावे, कुणी मुलांना शाळेतून आणावे आणि रात्रीचा डबा पोचवावा. तारखा पुढे ढकलल्या जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सोबतीला येणारे कमी होतात. तुम्ही चार घरे असाल तर पुढच्या तारखा आताच वाटून घ्या.