कपाटाची बुरशी: आधी भिंत बघा

साकीनाक्याला खैरानी रोडच्या चाळीतली खोली लहान. त्यात कपाट बहुधा बाहेरच्या भिंतीला नाहीतर शेजाऱ्यांच्या मोरीच्या भिंतीला टेकलेलं असतं. ओल नेमकी तिथेच असते, म्हणून कपडे धुवायला काढण्याआधी कपाट रिकामं करून पुढे ओढा.

आता मागची भिंत फडक्याने कोरडी पुसा आणि जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून तिच्यावर बसवा. दुसऱ्या दिवशी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी झिरपतंय. खोलीच्या बाजूला जमले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. भर पावसात दोन्हीकडे जमले तरी नवल नाही, सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

बुरशी कोरड्या झाडूने किंवा ब्रशने झाडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. नाकाला मास्क, हातात रबरी मोजे आणि दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्यांना शेजाऱ्यांकडे बसवा. प्लायवूडवर पांढरं व्हिनेगर पाणी न घालता फडक्याने लावा, तासभर राहू द्या, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. लोखंडी कपाटाला साबणाचं पाणी पुरे. ब्लीच लाकडाच्या आत उतरत नाही, डाग तेवढा फिका होतो. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

वेळ लागतो तो वाळवायला. दारं उघडून आत टेबलफॅनचा झोत सोडा, कोपरे आणि खणांच्या खालची बाजू हाताला कोरडी लागेपर्यंत. आत बल्ब पेटवून ठेवायची जुनी युक्ती करू नका, कापड पेट घेऊ शकतं.

सुती कपडे गरम पाण्यात धुवा. पैठणीला मात्र व्हिनेगर नको, पाणी नको: सावलीत पूर्ण वाळवून बाहेर गॅलरीत मऊ ब्रशने हलकेच झटका, डाग राहिलाच तर ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. नंतर ती मलमलीत गुंडाळा. लाँड्रीची प्लॅस्टिकची पिशवी घरी आल्याबरोबर काढून टाका.

परत लावताना कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली विटा. कपडे ठासू नका. इस्त्रीचे कपडे पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा. खोलीत दोरीवर कपडे वाळत असतील तर कपाट बंद. ‘हवा लागू दे’ म्हणून जुलैत दारं उघडी ठेवण्यात फारसा अर्थ नाही, कारण बाहेरची हवाही ओलीच असते. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा आणि तेव्हा दारं उघडा. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला किड्यांसाठी, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण तळाशी, सरळ ठेवा. त्यात जमणारं खारं पाणी जरीवर सांडलं तर साडी गेली.

पाणी झिरपत असेल तर हे सगळं तात्पुरतं. मोरीच्या लाद्यांचे सांधे भरण्याचं शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा. काम मात्र एप्रिल-मेमध्ये करा, कारण ओल्या भिंतीवर लावलेला वॉटरप्रूफ रंग फुगून सुटतो.