आकाशांतून शेताचें छायाचित्र : यंत्र स्थिर राखण्याचा अभ्यास

कृष्णाकाठीं शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत उंसाच्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत, हें वाचकांस ठाऊकच आहे. बांधावर उभें राहून पाहिलें असतां उभ्या पिकांत विरळ पट्टा कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें कळत नाहीं. वरून घेतलेल्या छायाचित्रांत तें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. त्यावरून मातीचे नमुने कोठून घ्यावे व निचऱ्याचा चर कोणीकडून काढावा याचा विचार करतां येतो. परंतु चित्र पुसट असेल तर पट्ट्याची कड चुकते, आणि भलत्या जागीं खणलेल्या चराचा खर्च शेतकऱ्याच्याच माथीं बसतो. यास्तव दूरनियंत्रित हेलिकॉप्टर किंवा ड्रोन हवेंत स्थिर कसें राखावें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्राची घडण :– शेतीच्या कामीं अशीं यंत्रें अगदींच नवीं नाहींत. जपानांत यामाहा कंपनीनें १९८७ सालीं आर-५० हें दूरनियंत्रित हेलिकॉप्टर भातशेतीवर औषध फवारण्यासाठीं पुढें आणलें. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका दिशेनें फिरूं लागला कीं यंत्राचें धड उलट दिशेस फिरूं पाहतें. त्यास शेपटीचा लहान पंखा आवरून धरतो. चार पंख्यांच्या ड्रोनमध्यें दोन पंखे उजवीकडे व दोन डावीकडे फिरत असल्यानें हा ओढा आपोआप फिटतो. दोहोंतही जायरो हें साधन यंत्राचें वळणें ओळखून तें सावरीत असतें.

अस्थिरतेचे तीन प्रकार :– पहिला, वाऱ्यानें जागेवरून सरकणें. दुसरा, एका अंगास कलणें अथवा डोलणें. तिसरा, बारीक थरथर. नवशिका मनुष्य पहिल्या प्रकारास सर्वांत अधिक भितो. वस्तुतः चित्रास त्यापासून फारच थोडा अपाय आहे. यंत्र सेकंदास १ मीटर वेगानें सरकत आहे व कॅमेऱ्याचें शटर १/५०० सेकंद उघडें आहे असें धरूं. तेवढ्यांत यंत्र केवळ २ मिलिमीटर सरकेल. आतां तेंच यंत्र १०० मीटर उंचीवर जागच्या जागीं सेकंदास २० अंश या वेगानें कलत आहे व कॅमेरा त्यास घट्ट बांधलेला आहे असें धरूं. तेवढ्याच अवधींत कॅमेऱ्याची नजर जमिनीवर सुमारें ७ सेंटीमीटर सरकेल. म्हणजे दोष पस्तीसपट झाला. यंत्र एकाच बिंदूवर खिळून राहावें म्हणून जो चालक दांड्या सारख्या हालवितो, तो यंत्रास वारंवार कलावयास लावतो व आपल्याच हातानें चित्र बिघडवितो. यंत्र हळूहळू वाहत असेल तर वाहूं द्यावें. हात सौम्य ठेवावा. चित्र घेतांना दांडीस धक्का देऊं नये. गिंबल नांवाची झुलती बैठक कलण्याचें निवारण पुष्कळ करते. पण थरथर तिच्यानें पुरती जात नाहीं.

थरथरीचा उपाय जमिनीवरच :– पंखा मिनिटास १,५०० फेरे फिरत असेल व त्याचें एक पातें किंचित् जड असेल, तर सेकंदास २५ धक्के बसतात. म्हणून उड्डाणापूर्वीं दोन्ही पातीं तोलून पाहावीं व हलक्या पात्यास चिकटपट्टी लावून तोल साधावा. दोन पात्यांच्या टोकांस निरनिराळ्या रंगाच्या पट्ट्या लावून, पातीं एकाच पातळींत फिरतात कीं वरखालीं, हें सुरक्षित अंतरावरून पाहावें. ड्रोनचें पातें चिरलें वा त्याची कड उडाली असेल तर डागडुजी न करतां तें बदलावें. कॅमेऱ्याखालीं रबराच्या बैठका असाव्या. फार कठीण रबर थरथर पुढें पोहोंचवितें, फार मऊ रबर कॅमेऱ्यास झुलवितें. प्रथम थोड्या उंचीवर चलच्चित्र घेऊन पाहावें. बांधाच्या सरळ रेषा लाटेसारख्या दिसल्या तर थरथर शिल्लक आहे असें समजावें.

वेळ व उजेड :– भर दुपारीं तापलेल्या रानांतून हवा वर उसळते व यंत्रास हिसके बसतात; वावटळीचें भय निराळेंच. अगदीं सकाळीं हवा शांत, पण सावल्या लांब. म्हणून सूर्य बराच वर आला आहे व वारा अजून उठला नाहीं, अशी मधली वेळ साधावी. उजेड भरपूर असल्यास शटर १/१००० सेकंदावर ठेवावें, म्हणजे उरलासुरला दोष निम्मा होईल. एका चित्रावर भिस्त न ठेवतां, प्रत्येक चित्र मागील चित्राचा सुमारें ७० टक्के भाग पुन्हां व्यापील अशा बेतानें रांगेनें चित्रें घ्यावीं. एखादें पुसट निघालें तरी शेजारचीं चित्रें उणीव भरून काढतात.

सावधगिरी :– यंत्र स्वतःच्याच खालच्या झोतांतून सरळ झपाट्यानें उतरवूं नये, तें कोलमडतें. तिरकस पुढें नेत सावकाश उतरवावें. फिरतें पातें विळ्याहून वाईट जखम करतें. माणसें, मुलें व बैल दूर ठेवावे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणें हिरव्या क्षेत्रांत १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाहीं. परंतु आपलें शेत त्या क्षेत्रांत आहे कीं नाहीं हें सरकारी नकाशावर आधीं पाहावें. भाड्यानें चित्रण करणाऱ्याचें यंत्र २५० ग्रॅमहून जड असल्यास त्याचें चालक-प्रमाणपत्र मागून पाहावें, व पैसे देण्यापूर्वीं चित्र मोठें करून त्याच्या कडा तपासाव्या.

सारांश, यंत्र थोडें वाहिलें तरी चालेल; तें डोलूं नये व थरथरूं नये. पिकाचा विरळ पट्टा कोठें आहे इतकें चित्र सांगेल. तो कां पडला हें त्या जागची माती खणून व तपासूनच कळेल. हीं दोन्ही कामें झाल्यावांचून शेतकरी बंधूंनीं चराची कुदळ मारूं नये, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.