या महिन्याचा पाठ: ऑपरेशन झालेल्याला धीर देताना

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



आपले गुजराती शेजारी ज्याला 'खबर काढवा' जाणं म्हणतात, तीच आपल्याकडे तब्येत विचारायला जायची रीत. रीत चांगली आहे. पण आपण गेल्यावर आजारी माणसाला बरं वाटलं की तो आणखी दमला, हे कधी पाहतो का? म्हणून या वेळी बायपास होऊन घरी आलेल्या माणसाचं उदाहरण घेऊन विचार करू.

*आधी ऐकणं, मग सांगणं*

गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. अर्जुन सांगतो, अंग कापतंय, तोंडाला कोरड पडलीये, हातातून धनुष्य गळतंय. भगवंत त्याला मध्येच तोडत नाहीत. खरा उपदेश सुरू होतो तो दुसऱ्या अध्यायाच्या ११ व्या श्लोकापासून, अर्जुनाने "मी तुमचा शिष्य, मला मार्ग दाखवा" असं म्हटल्यानंतर. आपण मात्र चप्पल काढता काढताच उपदेश सुरू करतो!

*मन का खचतं?*

बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध उघडून पुन्हा तारेने जोडतात. बऱ्याचदा पायातली शीर काढलेली असते, म्हणून पायही सुजतो. हाड जुळून यायला दोन-तीन महिने लागतात. झोप मोडते, जेवणाला चव लागत नाही, खोकला आला तरी उशी छातीशी धरावी लागते. जो माणूस काल घर चालवत होता, त्याला आज पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी आणून द्यावा लागतो. अशा वेळी डोळ्यांत पाणी येणं अगदी स्वाभाविक आहे. डॉक्टरसुद्धा हे आधीच सांगून ठेवतात.

त्यात आपल्या परिवारातल्या माणसाला आणखी एक काटा टोचत असतो: "इतकी वर्षं नामस्मरण केलं, तरी मलाच का? माझ्या सेवेत काही कमी पडलं का?" तो हे उघड बोलेलच असं नाही. अशा वेळी आपण "भोग आहेत, भोगायलाच हवेत" म्हटलं, किंवा "गुरुकृपा असताना रडता कशाला?" असं म्हटलं, तर तो काटा आणखी आत जातो. आता त्याला दुखण्याबरोबर रडण्याचीही लाज वाटू लागते.

देह आजारी पडणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता. रमण महर्षींच्या हातावरच्या गाठीवर १९४९ साली एकाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. त्यांची भक्ती कमी होती असं कोण म्हणेल? देहाचा धर्म देह पाळतो. डॉक्टरांचे हात, वेळेवर मिळालेलं औषध, उशाशी बसलेलं माणूस, यांतूनही कृपाच पोहोचते. हे त्याला समजावू, पण त्याने विचारल्यावर.

*भेटायला जाताना*

🔸 आधी फोन करून विचारू. दोघंच जाऊ, पंधरा-वीस मिनिटांत उठू. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये.

🔸 "काही नाही हो, आठ दिवसांत पळायला लागाल" असं म्हणू नये. आठ दिवसांत पळता आलं नाही की तो आणखी खचतो. त्याऐवजी "काका, आज कसं वाटतंय?" एवढं विचारून गप्प बसू.

🔸 कोणाचं ऑपरेशन बिघडलं, ती गोष्ट तिथे काढू नये.

🔸 छोटी प्रगती दाखवून देऊ: "परवा दारापर्यंत आलात, आज अंगणात आलात." श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडू एक वरून दोन वर गेले, तर तेही कौतुकाचंच.

🔸 उठवताना हात धरून ओढू नये, छातीच्या हाडावर ताण येतो.

🔸 अंगारा कपाळाला लावावा, जखमेला नाही. प्रसाद द्यायच्या आधी पथ्य विचारावं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढे नकोत.

🔸 घरच्या माणसाला विसरू नये. "वहिनी, तुम्ही जेवलात का? तुम्ही दोन तास झोपा, आम्ही बसतो इथे." ही फार मोठी सेवा आहे. एक डबा, औषधांची एक फेरी, हेही तसंच.

*एक महत्त्वाची सूचना*

ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, छातीत दुखणं, दम लागणं, यांपैकी काही दिसलं तर जप करत वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना कळवावं. तसंच उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तरी डॉक्टरांना सांगावं. "जगून काय करायचं" असं तो बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटं सोडू नये. मनाचं औषध घेणं म्हणजे साधनेत कमीपणा नाही.

*नामस्मरण कसं?*

त्याला जमेल तेवढंच. माळ ओढवत नसेल तर आपण हळू आवाजात शेजारी बसून करू, त्याने नुसतं ऐकावं. झोप लागली तर झोपू द्यावं.

*चिंतनासाठी:*
१. मागच्या भेटीत आपण जास्त बोललो की त्यांनी?
२. आपल्या ओळखीत सध्या कोण बरं होत आहे? या आठवड्यात त्या घरचं कोणतं एक काम आपण उचलू शकतो?

रविवारच्या सत्संगात प्रत्येकाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सांगावं, म्हणजे एकाच घरी चार डबे आणि दुसरीकडे एकही नाही असं होणार नाही.

सर्वांना आरोग्य लाभो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना 🙏🌼