किताब

'किताब' म्हटले की पुष्कळांना पुस्तक आठवते. तो अर्थ अरबी 'किताब' या शब्दाचा. मानाच्या पदवीचा अर्थ मात्र 'खिताब' या निराळ्या अरबी शब्दाचा; त्याचा मूळ अर्थ संबोधन. मराठीत 'ख'चा 'क' झाला आणि दोन्ही शब्दांचे रूप एकच झाले.

संबोधन हा मूळ अर्थ ध्यानी ठेवावा. राजाने किताब बहाल केला, की त्या पुरुषाला हाक मारावयाचे नावच पालटे. शिवाजी महाराजांचे सरनोबत कुडतोजी गुजर हे 'प्रतापराव' झाले. १६७४ साली नेसरी येथे ते धारातीर्थी पडले. त्यांच्यामागून सरनोबत झालेले हंसाजी मोहिते यांना 'हंबीरराव' हा किताब मिळाला. आज कुडतोजी कोण, हंसाजी कोण, असे विचारल्यास कितीजण सांगतील?

विद्यापीठाची पदवी अभ्यासाने संपादन करता येते. किताब मात्र राजाच्या मर्जीने मिळे. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने शासनास किताब देण्याची मनाई केली. लष्करी व विद्याविषयक सन्मान तेवढे वगळले. तरीही शब्द मागे पडला नाही. १९६१ पासून मल्ल 'महाराष्ट्र केसरी' किताबासाठी झुंजतात. तेथे क्रियापद मात्र निराळे: हा किताब 'जिंकतात' किंवा 'पटकावतात'.